गुणफलकाकडे पाठ

सामना सुरू व्हायच्या आधी सर आपली प्लास्टिकची खुर्ची उचलायचे आणि गुणफलकाकडे पाठ होईल अशी फिरवून ठेवायचे. मग बसायचे. समोर मैदान दिसायचे, गुण दिसायचे नाहीत. हे फक्त हंगामाआधीच्या सराव सामन्यांत. खऱ्या स्पर्धेत तेच सर एका गुणासाठी घसा बसेपर्यंत ओरडायचे.

शाहूपुरीतल्या आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे ते प्रशिक्षक, मी सचिव. सचिव म्हणजे काय, तर वही. गाडी किती वाजता, पाण्याचे जार किती, कोणाचे आधार कार्ड यायचे आहे, सगळे त्यात. सराव सामन्यांसाठी चार रकाने होते: तारीख, प्रतिस्पर्धी, गुण, निकाल.

यंदा निकालाच्या रकान्यात मी ओळीने ‘हार’ लिहीत होते. कारण उघड होते. सर आमच्या पाच भरवशाच्या मुलींना बाकावर बसवायचे आणि दहावी-अकरावीच्या पोरी उतरवायचे. त्या पाचांत माझी मुलगी होती.

“सर, शेवटची दहा मिनिटं तरी मोठ्यांना घ्या,” मी म्हणायचे.

“आत्ताच चुकू द्यात की, मॅडम. हंगामात चुकायला येळ कुठला?”

एकदा पन्हाळ्याहून आलेल्या संघाचे प्रशिक्षक चिडलेच. “बारकी पोरं उतरवून आमची चेष्टा लावलीया व्हय?”

“चेष्टा न्हवं, पावणं. तुमच्या पोरी चांगल्या हायत. म्हणून तर माझ्या बारक्यांना त्यांच्यासमोर सोडलंय.” आणि सामना संपल्यावर त्यांनाच चहाला घेऊन गेले.

गडमुडशिंगीची एक मुलगी होती, दहावीतली. उंची बेताची, पाय मात्र वाऱ्यासारखे. डाव्या हाताने चेंडू नेताना तिच्या हातून तो सारखा सुटायचा. सर तिला त्याच बाजूने पाठवायचे. मी मोजून त्यांना सांगितले, “आज अकरा वेळा चेंडू घालवलाय तिनं.”

“आणि बाराव्यांदा?”

“बाराव्यांदा नाही गेला.”

“मग त्ये लिव्हा की!”

त्यासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता. एक रेघ मारायला किती वेळ लागतो, तुम्हीच सांगा.

संघनिवडीच्या आधी समितीची बैठक झाली. सरांना बोलावले नव्हते. अध्यक्षांनी विचारले, “किती खेळलो, किती हरलो?”

“सात खेळलो, सहा हरलो.”

“मग हा माणूस बदलायला पाहिजे.”

मुख्य पाच मुली एकाही सामन्यात पूर्ण वेळ खेळलेल्या नाहीत, एवढे एकच वाक्य मला बोलायचे होते. ते तोंडात तयार होते. पण माझी मुलगी सात रविवार बाकावर बसली होती, घरी येऊन दारे आपटत होती. नवा प्रशिक्षक तिला खेळवेल, हे मी तेवढ्यात मनात टिपूनही ठेवले होते. मी वही मिटली. माझे आकडे बरोबर होते, त्यामुळे कोणी काही विचारले नाही.

सर बदलणार, हे घरी मुलीला सांगितले. मला वाटले, खूश होईल. ती म्हणाली, “आई, सर आम्हाला मुद्दाम बसवत होते, हे तू सांगितलं नाहीस?” मी कुकर लावायला उठले.

नव्या प्रशिक्षकांनी बारा जणींची यादी दिली, मी ती सकाळी ग्रुपवर टाकली. मुडशिंगीची मुलगी त्यात नव्हती. दुपारी सरांचा फोन आला. आता चार शब्द ऐकावे लागणार म्हणून मी उभीच राहिले. पण आवाज नेहमीचाच होता.

“मॅडम, त्या मुडशिंगीच्या पोरीला घेतलंय न्हवं बारा जणींत?”

नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. “यादी ग्रुपवर टाकलीय, सर. बघून घ्या ना,” मी म्हणाले.



“बरं. बघतो.”

फोन ठेवला आणि मग आठवले. यादी टाकण्याआधी, कामे उरकण्याच्या भरात, मीच त्यांना ग्रुपमधून काढले होते. त्यांनी ते पाहिले असणारच. तरी ‘बरं’ म्हणाले.