करंज्यांखालची पत्रिका

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाचं ऑपरेशन निघालं, कुणाला दवाखान्यात सोबत हवी असली, हॉलच्या सतरंज्या धुवायच्या असल्या की फोन मला येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चार माणसांत उभं राहून विश्वासाबद्दल बोलायची वेळ आली की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. सत्तावीस वर्षं मी नर्स होते. आता एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. रोज सकाळी सहा-सात अनोळखी घरांत जाते, माणसं विश्वासाने हात पुढे करतात, आणि इतक्या वर्षांत त्यांतल्या एकाही घरात मी येशूचं नाव काढलेलं नव्हतं. सुई टोचण्याआधी मी ओठांतल्या ओठांत एक वाक्य म्हणते: 'प्रभू, तुला शीर दिसते, मलाही दाखव.' नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची सवय आहे. कुणी विचारलंच, काय पुटपुटता, तर मी सांगायची, 'काही नाही, मोजतेय.'

मागच्या नाताळाआधी पाळकसाहेबांनी उपासनेनंतर प्रत्येकाच्या हातात येशूबद्दलच्या छापील पत्रिकांचा एकेक गठ्ठा दिला आणि सांगितलं की परक्याकडे जाण्याआधी शेजाऱ्याकडे जा. गठ्ठा तीन आठवडे माझ्या फ्रिजवर पडून राहिला. गुरुवारच्या महिलांच्या प्रार्थनेत बाकीच्या बायका आपापले अनुभव सांगत, आणि माझी पाळी आली की मी चहा आणायला उठत असे.

माझ्या समोरच्या दारात सुनंदा राहते. नाशिकरोडला आमची तीन मजल्यांची जुनी सोसायटी आहे, लिफ्ट नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघीच. तिचा नवरा एकलहऱ्याला वीज केंद्रात आहे, शिफ्टची नोकरी. घरात तिची सासू; ती त्यांना आत्याबाई म्हणते, मी सायखेड्याच्या आजी. अठरा वर्षांचा शेजार. पाच वर्षांपूर्वी माझे यजमान गेले तेव्हा सुनंदाने पंधरा दिवस मला गॅस पेटवू दिला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती मला दरवर्षी बोलावते. मी कुंकू लावत नाही हे तिला माहीत आहे, ती न विचारता वाण माझ्या हातात देते. दिवाळीला तिच्याकडून फराळाचं ताट येतं, नाताळाला माझ्याकडून जातं. ताट कधी रिकामं परत करायचं नाही. काहीच नसलं तर वाटीभर साखर ठेवायची, पण रिकामं नाही.

त्या नाताळाला मी ताट भरलं. करंज्या, शेव, केकचे चार तुकडे. आणि मला वाटलं, हीच संधी आहे. बोलायला नको, समोरासमोर यायला नको. मी गठ्ठ्यातली वरची पत्रिका उचलली, ताटात तळाशी ठेवली, वर कागद अंथरला आणि त्यावर करंज्या रचल्या. ताट सुनंदाच्या हातात देऊन नेहमीसारखी दोन वाक्यं बोलले आणि घरी आले. मला हलकं वाटलं, तेही लिहायला हवं. काम उरकल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी ताट माझ्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेलं सापडलं. घासलेलं, पुसलेलं. त्यात काही नव्हतं, फक्त तुपाचा डाग पडलेली ती पत्रिका होती. मी ती तेव्हा पहिल्यांदा वाचली. वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'मेल्यावर तुम्ही कुठे जाल?'

आजी त्याच महिन्यात खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी आल्या होत्या. त्यांची पट्टी बदलायला दोन वेळा मीच गेले होते.

मी लगेच समोरची बेल वाजवली. सुनंदाने जाळीचं दार उघडलं नाही. "आत्याबाई झोपल्यात," म्हणाली, आणि आतलं दार लावून घेतलं. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. संक्रांत आली; जिन्यावर बायकांच्या चपलांचा आवाज येत होता, समोरचं दार सारखं उघडत होतं, माझी बेल वाजली नाही. महिलांच्या प्रार्थनेत मी एवढंच सांगितलं की एक पत्रिका दिली होती, ती परत आली. एकजण कळवळून म्हणाली, "ताई, प्रभूच्या नावासाठी हे सोसावंच लागतं." सगळ्यांनी माना हलवल्या. पण मला माहीत होतं की मी त्याच्या नावासाठी काहीही सोसलेलं नव्हतं. मी एका आजारी म्हातारीच्या घरात, तोंड लपवून, न वाचलेला कागद सरकवला होता. मी प्रार्थनेत एवढंच म्हणत राहिले की ही चूक माझ्याने दुरुस्त होत नाही, आता तू बघ. पहिल्यांदाच मी एखादं काम असं अर्धवट त्याच्यापुढे ठेवलं. मला कामं अर्धवट ठेवायची सवय नाही.

मार्चमध्ये, एका सोमवारी, मी सकाळी साडेसातला स्कूटर काढली. पहिला नमुना पंचवटीत होता, एक निवृत्त मास्तर, उपाशीपोटी माझी वाट बघत बसलेले. द्वारका चौकाच्या सिग्नलला पत्ता वाचायला चष्मा काढावा म्हणून पिशवीच्या कप्प्यात हात घातला तर चष्मा नाही. जवळचं दिसल्याशिवाय मला शीर दिसत नाही. चार वर्षांत एकदाही मी चष्मा विसरले नव्हते. स्वतःवर चिडत स्कूटर वळवली आणि मास्तरांना फोन केला, "सर, अर्धा तास उशीर होतोय, चहा घेऊ नका." ते म्हणाले, "चहाचं सोडा, मी आता वर्तमानपत्राच्या जाहिराती वाचतोय."

तिसऱ्या मजल्यावर पोचले तर सुनंदा जिन्याच्या कठड्याला धरून फोन लावत उभी होती. केस विस्कटलेले, गाऊनवर ओढणी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोन पुन्हा कानाला लावला. मी किल्ली हातात घेऊन उभी राहिले. मग माझं दार उघडून आत गेले, टेबल पाहिलं, फ्रिजवर पाहिलं, उशीखाली पाहिलं. चष्मा नव्हता. बाहेर आले तेव्हा तिच्या घरातून खणखणीत आवाज आला, "कोण हाय गं तिथं? ती सुईवाली हाय का? मंग बोलव ना तिला! रुसून काय बसली?"

सुनंदाने जाळीचं दार उघडून मला वाट दिली.

आजींना आदल्या दिवसापासून उलट्या-जुलाब होत होते. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की रक्त तपासायचं आणि सलाईन लावायचं, शीर मिळाली तर घरीच, नाही तर लगेच दवाखान्यात न्या. त्यांच्या नर्सने तीन ठिकाणी टोचून पाहिलं होतं आणि ती हात टेकून खाली गेली होती. सुनंदाचा नवरा ड्यूटीवर, त्याचा फोन लागत नव्हता. अ‍ॅम्ब्युलन्सवाला म्हणत होता की तासभर लागेल. आणि तीन महिन्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला तीन जिने उतरवायचे कसे, हा प्रश्न होताच. आजींचे ओठ सुकले होते, हात थंड होते, दोन्ही कोपरांवर काळे-निळे डाग उमटले होते. जीभ तेवढी शाबूत होती.

"सुनंदा, कढत पाण्यात टॉवेल पिळून आण," मी म्हणाले. तीन महिन्यांनंतर तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तिने आणला. मी तो आजींच्या हाताला गुंडाळला, हात पलंगाखाली लोंबता सोडला आणि माझ्या पिशवीतला कापसाचा डबा उघडला. चष्मा त्या डब्यात होता. कापसावर ठेवलेला, जसा काही कुणी मुद्दाम ठेवावा तसा. तो मीच ठेवला असणार, मला आठवत नाही एवढंच. मी तो डोळ्यांवर चढवला.

पट्टा बांधून मी कोपर चाचपलं, मनगट चाचपलं, हाताची मागची बाजू चाचपली. काही लागेना. हात बदलला. पुन्हा टॉवेल, पुन्हा पट्टा. असं दहा मिनिटं चाललं असेल. माझे ओठ सवयीने हलत होते.

"काय पुटपुटती गं?" आजींनी विचारलं.

'मोजतेय' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. सुनंदा पायथ्याशी उभी होती. मला एवढंच कळलं की या घरात मी पुन्हा एकदा काही लपवलं तर मला इथे परत यायला तोंड उरणार नाही.

"आजी, मी प्रार्थना करते," मी म्हणाले. "येशूला सांगते की तुला शीर दिसते, मलाही दाखव. प्रत्येक वेळी करते. तीस वर्षं झाली."

आजींनी क्षणभर माझ्याकडे टक लावून पाहिलं. "मंग मोठ्यानं म्हण की! शीर माझी हाय, मला नको का कळाया, तुझं काय बोलनं चाललंय ते?"

मी सुनंदाकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "म्हणा, ताई."

मी मोठ्याने म्हणाले. "प्रभू येशू, तुला शीर दिसते. मलाही दाखव." पुढे काय म्हणायचं ते सुचेना म्हणून 'आमेन' म्हणाले. अंगठ्याच्या वरच्या बाजूला, जिथे मी आधी दोनदा बोट फिरवलं होतं, तिथे बोटाखाली काहीतरी मऊ दबलं आणि पुन्हा वर आलं. मी सुई घातली. रक्त आलं, काळपट आणि सावकाश, पण आलं. नमुना भरला, सुई तिथेच चिकटपट्टीने पक्की केली आणि सुनंदाला डॉक्टरांना बोलवायला खाली पाठवलं.

दहा मिनिटांच्या गरम टॉवेलने शिरा वर येतात, हे मी किती नव्या नर्सना शिकवलं आहे. तेव्हा कुणी म्हणेल की टॉवेलने काम केलं, तर मी वाद घालणार नाही. चष्मा डब्यात होता, मी उगाच घरी आले होते, आणि नेमक्या त्या अर्ध्या तासात आले होते. जे घडलं ते हे असं घडलं.

सलाईन सुरू झाल्यावर मी पिशवी घेऊन निघाले. सुनंदा जिन्यापर्यंत आली.

"ताई, एक सांगू? मला कागदाचा राग नव्हता आला," ती म्हणाली. "म्हणजे आलाच. आत्याबाईंच्या हाताला लागला तो. पण तुम्हाला काही सांगायचं होतं तर दारात उभं राहून सांगायचं ना. फराळाच्या खाली लपवून कशाला? अठरा वर्षांत मी तुम्हाला कधी दारातून परत पाठवलंय?"

"नाही. चुकलं माझं," मी म्हणाले. "मला बोलायची लाज वाटली."

"लाज? तुम्हाला? सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला घाम फोडता तुम्ही!"

दोघीही हसलो. मग ती रडली आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. पंचवटीतले मास्तर दुसऱ्यांदा फोन करत होते.

पाडव्याला समोरून ताट आलं, पुरणपोळ्यांचं. ते मी मुद्दाम ठेवून घेतलं. ईस्टरच्या रविवारी उपासनेहून आल्यावर त्यात केक भरला आणि बेल वाजवली. ताटात केकशिवाय काही नव्हतं. आजी वॉकर धरून हॉलमध्ये फेऱ्या मारत होत्या.

"आजी, आज आमचा मोठा सण," मी दारात उभी राहून म्हणाले. "येशू मेला होता, आज तो उठला. मी मानते हे. माझे यजमान गेले तेव्हा याच्यावरच मी उभी राहिले."

आयुष्यात विश्वासाची एवढी लांब साक्ष मी पहिल्यांदाच दिली.

"उठला?" आजी म्हणाल्या. "मंग मीबी उठलेच की!" आणि केकचा तुकडा उचलत पुढे म्हणाल्या, "त्या कागदात इचारलं व्हतं, मेल्यावर कुठं जानार. त्याला सांग, म्हातारीनं अजून ठरवलं नाय."

"तुम्हीच सांगा त्याला," मी म्हणाले. "ऐकतो तो."

"बघते," आजी म्हणाल्या, आणि केक खाल्ला.

उरलेला गठ्ठा मी पाळकसाहेबांना परत केला. ज्यांना पत्रिका देता येतात त्यांनी जरूर द्याव्यात. एका पत्रिकेमुळेच माझे आजोबा विश्वासात आले होते. मला ते जमत नाही. आता कुणी विचारलं, काय पुटपुटता, तर मी खरं सांगते. कुणी हसतं, कुणी विषय बदलतं. मास्तर म्हणतात, "माझ्यासाठी जरा जास्त म्हणा, मला सुईची भीती वाटते." ऐकणाऱ्यांच्या मनात पुढे काय होतं ते माझ्या हातात नाही, आणि ते माझ्या हातात नाही याबद्दल मी देवाचे आभार मानते. शीर मी तयार करत नाही. ती आधीपासून तिथे असते, कुणीतरी घातलेली. मी फक्त बोट ठेवते आणि थांबते.

ईस्टरचं ताट त्याच संध्याकाळी माझ्याकडे आलं. म्हणजे ते सुनंदाचंच होतं, माझ्याकडे यायचं काही कारण नव्हतं. वर झाकण, आत गरम भजी. सुनंदा म्हणाली, "आत्याबाई म्हणाल्या, सण आहे म्हणतेय, एकटी काय खाणार."