मशिदीतलं सूर्यघड्याळ

चिंचेनं पितळ घासलं, की त्या आंबूस वासासरशी मला जुन्या नाशकातल्या एका मशिदीचं अंगण आठवतं. तिथलं काळवंडलेलं पितळी सूर्यघड्याळ दुरुस्त करायला मला बोलावलं होतं. मी ते घासून लख्ख केलं, तर ते मोबाईलच्या अर्धा तास मागे! बसवणाराच चुकलाय, असं ठरवून तबकडी फिरवायला मी स्क्रू सैल करू लागले. तेवढ्यात अजान देणारे चाचा म्हणाले, "बेटी, जरा सबर कर. आधी अंगणातल्या त्या खांबाची सावली बघ." सावली सगळ्यांत आखूड झाली, म्हणजे सूर्य माथ्यावर आला, तेव्हा तबकडीवर बरोबर बारा वाजले होते आणि मोबाईलवर साडेबारा. "मोबाईलची वेळ साऱ्या देशाची," चाचा हसले, "ही आपल्या नाशिकची." मी स्क्रू पुन्हा आवळले. दुरुस्ती करताना माझा हात आजही कचरत नाही. फक्त पेचकस उचलण्याआधी मी सूर्याला विचारते.