नेटका नकाशा

"आजीचा बोळ कुठे गेला?" मिन-जीने माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं. नकाशा कोरियाला पाठवून तीन आठवडे झाले होते.

मी जीआयएसवाला, म्हणजे कागदी नकाशे कंप्यूटरवर चढवणारा. २००६ साली नेदरलँड्समधल्या वाखनिंगनमध्ये एका रिसर्च प्रोजेक्टवर होतो. मिन-जी कोरियन संशोधक. तिचं गाव समुद्रकाठचं. जपानी राजवटीत तिथे जपानी कोळी येऊन वसले. आधी किनाऱ्यालगत चार झोपड्या, मग लाकडी दुमजली घरं, मग भराव घालून धक्का पुढे सरकवला आणि मधे दुकानांचा सरळसोट रस्ता झाला. हे सगळं जुन्या मोजणी-नकाशांवरून दाखवायचं होतं. तिथली नगरपालिका आमच्या नकाशाच्या आधारे तो रस्ता पूर्वीसारखा करणार होती.

कागदावरून प्लॉट ट्रेस करताना दोन रेघा नेमक्या जुळत नाहीत. मधे बारीक फट राहते. तिला आम्ही 'स्लिव्हर' म्हणतो आणि चूक धरतो. सॉफ्टवेअरला रुंदी सांगायची. त्याहून अरुंद फटी ते आपोआप बुजवतं. मी एक मीटर सांगितलं. फटी गायब. यान नावाच्या माझ्या डच बॉसने पाहिलं आणि म्हणाला, "नेत्येस!" हा डच शब्द आपल्या 'नेटकं'चा मावसभाऊच वाटतो, अर्थही तोच. मी हुरळून गेलो.

"त्या फटी नव्हत्या," मिन-जी म्हणाली. "टेकडीवरच्या कोरियन बायका जपान्यांच्या दोन घरांमधून धक्क्यावर जायच्या, डोक्यावर माशांची टोपली घेऊन. आजी अजून तिथूनच जाते. मला विचारायचंस ना."

"तू फील्डवर होतीस. डेडलाइन होती."

"ईमेल होती."

शुक्रवार पेठेतल्या बोळांतून सायकल काढत वाढलेला मी. पुण्यात कोणी असा बोळ नकाशातून पुसला असता तर आधी मीच भांडायला गेलो असतो. फार लाज वाटली, अजूनही वाटते.

त्याच दुपारी मूळ स्कॅन उघडून एकेक फट हाताने तपासली. बहुतेक खरोखरच चुका होत्या. एकोणीस बोळ निघाले. यानने चूक कबूल करणारं पत्र लिहिलं आणि दुरुस्त नकाशा पाठवला.

उत्तर आठवड्याने आलं. अठरा बोळ वाचले होते. काम रस्त्याच्या आजीच्या बोळाकडच्या टोकापासूनच सुरू झालं होतं, तिथे दोन घरांमधे नवी भिंत उभी राहिली होती. मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेली भिंत पाडायला कोणी तयार होईना.

"आजी मग कुठून जाते?" मी विचारलं.

"जातच नाही. वळसा झेपत नाही तिला."

आता नकाशात फट दिसली की मी आधी विचारून घेतो, इथून कोणी ये-जा करतं का. टीममधल्यांना वाटतं, मी उगाच वेळ घालवतो.