शेवटच्या ओळीतली ढोलकी

दर गुरुवारी सकाळी, म्हशींच्या धारा काढून झाल्या की मला पत्र येतं. पोस्टमन आणत नाही, मोबाईलमध्ये येतं. पत्राच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, ‘नमस्कार, लावणीवेड्या आजी!’

हा उद्योग नातीचा. ती कागलच्या एमआयडीसीत कॉम्प्युटरवर बसते. तिला कुठल्याशा गझल गाणाऱ्याचं वेड आहे. तो कधी, कुठं गाणार हे सांगणारं ई-पत्र तिला दर आठवड्याला यायचं. आपल्या आवडीच्या कलाकारांपुढं खूण करायची, आपलं गाव सांगायचं, की ती माणसं आपल्यापुरतं पत्र तयार करून धाडतात: खुणेच्या कलाकाराचे कार्यक्रम सगळ्या गावांचे, बाकीच्यांचे आपल्या गावाजवळचे. एकदा ती मला ते पत्र दाखवत होती. गझलवाल्याचं संपलं, खाली जाहिरातीत पुण्यातल्या एका लावणीच्या कार्यक्रमाची बातमी होती. गायिकेचा फोटो मोठा. त्याखाली पेटी कोण, तबला कोण, आणि अगदी शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘ढोलकी साथ’ आणि पुढं एक नाव.

माझ्या लेकीचं नाव. मधे बापाचं नाव, शेवटी आमचं आडनाव.

“आजी, चष्मा पुसतीस का रडतीस?”

“चष्म्यावर शेणाचं शितोडं उडलंय,” मी म्हटलं. “ही बाई बरी गाती काय गं? मला बी असलं पत्र येऊ दे की.”

नात हसून हसून वाकडी झाली. “लावणी? तू? अगं, टीव्हीवर लावणी लागली की तू चॅनल बदलतीस!”

“आता न्हाई बदलत,” मी म्हटलं.

यादीत गाणारे होते, नाचणारे होते, नट होते. ढोलकीवाल्यांना त्या यादीत जागा नव्हती. म्हणून मी त्या गायिकेपुढं खूण करायला लावली. शेवटी फॉर्मनं विचारलं, तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारू? तेव्हा नातीनं तो आगाऊपणा केला. लावणीवेडी आजी! मी चालवून घेतलं. खरं सांगायची हिंमत कुठं होती? त्या पोरीला एक आत्या आहे एवढंच ठाऊक होतं. आत्या गेली तेव्हा नात पाळण्यात होती, आणि घरात आत्याचं नाव काढायचं नाही हा कायदा मीच केलेला.

तर त्या कायदा करणाऱ्या बाईबद्दल थोडं सांगते. मी तिला चांगली ओळखते, कारण ती मीच. वय पंचेचाळीस, कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या महिला मंडळाची अध्यक्ष, पदर इतका चापूनचोपून की वाऱ्याची टाप नाही. चालायची तर अशी, जणू साखर कारखान्याचा भोंगा हिला विचारून वाजतोय. कुणाच्या सुनेनं गाऊन घालून दळण आणलं, कुणाची पोर मोटारसायकलवर बसून आली, सगळा हिशेब बाईंच्या जिभेवर. आणि हीच बाई लहानपणी माहेरच्या जत्रेत तमाशाच्या कनातीला केसातल्या आकड्यानं भोक पाडून, एक डोळा लावून उभी राहिलेली. पाय भरून आले तरी हलली नव्हती. ते मात्र बाई मंडळात कधी बोलल्या नाहीत.

लेक माझी किटल्या बडवायची. दूध घालून रिकाम्या किटल्या घरी आल्या की ही दोन मांडीजवळ घ्यायची, एक मोठी, एक लहान, आणि बोटांनी सुरू. म्हशीसुद्धा कान हलवायच्या. तिचे वडील गोठ्याच्या दारात टेकून ऐकायचे आणि मी दिसले की वैरण आवरल्याचं सोंग करायचे. पुढं ती गल्लीतल्या एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याकडं शिवणाच्या क्लासला जाते असं सांगून जायला लागली. दोन वर्षं शिवण शिकली, आणि घरात एक रुमाल शिवलेला नाही. एवढी हुशार मी, पण मला संशय आला नाही.

मग एका हळदीकुंकवाला, भर बायकांत, एकीनं विचारलं, “काय हो, तुमची लेक परवा जत्रेत स्टेजवर ढोलकी बडवत हुती म्हणं? लावणीला?” आणि वाण माझ्या हातात ठेवलं. प्लॅस्टिकची चाळणी होती. माझ्या अब्रूची चाळण झाली असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, चाळणी बरी होती, दहा वर्षं टिकली.

घरी आले. ती किटल्या विसळत होती. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लिहायच्या लायकीचं नाही. शेवटचं तेवढं लिहिते, कारण त्याचंच सगळं पुढं झालं. ती म्हणाली, “आई, मी वाजवणार. हितं न्हाई तर दुसरीकडं जाऊन वाजवीन.” मी म्हटलं, “जा. पण परत ह्या गावाच्या वेशीत पाऊल टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. माझी शपथ हाय तुला.”

आमच्याकडं शपथ अशी असते की जिनं घातली तिनंच ती सोडवायची. पोरं खेळतानासुद्धा घालतात आणि लगेच मागं लागतात, “सुटली म्हण, सुटली म्हण.” सुटली म्हटलं की संपलं. ती दारात उभी राहिली होती, पिशवी हातात घेऊन. बराच वेळ. मला वाटलं माफी मागायला उभी आहे. आता कळतं, ती एका शब्दासाठी उभी होती. आणि अध्यक्षीणबाई पाठ करून भांडी लावत होत्या.

काही वर्षांनी तिचे वडील गेले. थोरल्या मुलानं कुठूनतरी शोधून तिला निरोप पोचवला. ती आली नाही. बापाच्या मातीला आली नाही! ते मी मनात धरून बसले. आतनं कधी पाझर फुटायला लागला की हे वाक्य बोळ्यासारखं तिथं कोंबायचं. बापाच्या मातीला आली नाही, मग मी कशाला हाक मारू?

त्या गुरुवारच्या पत्रांनी बोळा ढिला केला. नाशिक, ढोलकी साथ लेक. सोलापूर, ढोलकी साथ लेक. मी वरचं काही वाचायची नाही, थेट तळाला जायची. सांगली आली, इतकी जवळ. पण गेले नाही. गुडघे दुखतात असं स्वतःला सांगितलं. खरं तर वाटत होतं की तिनं यावं. अजून थोडी अध्यक्षीणबाई शिल्लक होती आत.

आणि एका गुरुवारी पत्र आलं: ‘आजी, आनंदाची बातमी! तुमच्या आवडत्या गायिका तुमच्या कोल्हापुरात, रविवारी दुपारी.’ मी तळाला गेले. ढोलकी साथीपुढं भलत्याच माणसाचं नाव.

मी नातीला बोलावलं. “हे चुकीचं छापलंय. बघ की.”

“चुकीचं कशाला असंल? आणि तुला ढोलकीवाल्याशी काय करायचंय?”

मग मात्र सगळं सांगितलं. नात गोठ्याच्या कट्ट्यावर मटकन बसली. माझ्या मोबाईलमधली जुनी पत्रं खालीवर केली आणि म्हणाली, “एवढं दिवस तू आत्याला वाचतीस व्हय?”

मला वाटलं छापणाऱ्याची चूक असेल, ती येईलच. म्हैस नुकतीच व्यायली होती. पहिल्या दिवसाचा चीक काढून, गूळ-वेलदोडे घालून खर्वस केला. लेकीला तो घट्ट, सुरीनं कापता येईल असा लागायचा. डबा मांडीवर घेऊन मी नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत बसले. पडदा वर गेला. ढोलकीच्या जागी एक मिशीवाला गृहस्थ बसलेला. वाजवत होता चांगला. माझ्या डोळ्यांना मात्र तो कुणाच्यातरी पाटावर जाऊन जेवायला बसल्यासारखा दिसत होता.

कार्यक्रम संपल्यावर नात मला हाताला धरून आत घेऊन गेली. गायिका दागिने काढत बसलेली. मला वाटलं, हिच्याशी भांडावं. पण ती उठून पाया पडली.

“नेहमीची ढोलकीवाली कुठं हाय?” मी विचारलं.

“ती कोल्हापूरला येत नाही, आजी. बाकी कुठंही म्हणा, ताप असला तरी येते. कोल्हापूरला नाही.”

“का? राग हाय तिला गावाचा?”

“राग नाही हो.” ती कानातलं काढता काढता सहज म्हणाली. “आईची शपथ आहे म्हणते. वेशीत पाऊल टाकलं तर आईच्या जिवाला धोका. आम्ही किती चेष्टा करतो. वडील गेले तेव्हासुद्धा कोल्हापूरच्या अलीकडच्या फाट्यापर्यंत आली होती, तिथं उतरली आणि दिवसभर बसून परत गेली. म्हणाली, एक गेला, दुसरी घालवू कशी?”

लेकीनं जन्मात माझं काही ऐकलं नाही असं मी गावभर सांगत आले. शिवण शिक म्हटलं, शिकली नाही. लग्न कर म्हटलं, केलं नाही. आणि जे एक बोलणं तिनं कानामागं टाकायला हवं होतं, तेवढं मात्र जीव मुठीत धरून पाळलं. माझा जीव. तिच्या मुठीत.

गायिकेच्या ध्यानात आलं बहुतेक. माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. काही न विचारता फोन लावला आणि माझ्या कानाला दिला.

“हां ताई, झाला का कार्यक्रम? लोक आलं हुतं काय गं?”

तोच आवाज, जरा घोगरा झालेला. लोक आले होते का, असं कोल्हापूरचंच विचारत होती. मला एकच शब्द म्हणायचा होता. तीन अक्षरं. शेंबडी पोरं म्हणतात. आणि ज्या जिभेनं अख्खी गल्ली गप्प केली, ती टाळ्याला चिकटून बसली. मी तोंड उघडलं, नुसता श्वास गेला.

“हॅलो? ताई? आवाज येत न्हाई. रेंज न्हाई वाटतं.” फोन बंद झाला.

परत लावला तर उचलला नाही. गायिका म्हणाली, “मी सांगते तिला, आजी. तुम्ही येऊन गेलात म्हणून सांगते.” खर्वस न्या म्हटलं तर म्हणाली, पुढं दोन दिवस प्रवास आहे, नासेल. मग तो मिशीवाल्यानं खाल्ला. ताटली पुसून खाल्ला. मला राग धरायलासुद्धा जागा ठेवली नाही मेल्यानं.

गायिकेचा नंबर घ्यायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही. घरी आल्यावर नात कपाळावर हात मारत होती. मी म्हटलं, पत्र पाठवणाऱ्यांनाच कळवूया. गुरुवारी पत्र आलं तेव्हा खाली ‘उत्तर द्या’ असं होतं, तिथं मी एका बोटानं लिहिलं: ‘ढोलकीवालीला सांगा, शपथ सुटली. आई.’ एवढं लिहायला अर्धा तास गेला. पाठवलं. मिनिटाच्या आत उलट उत्तर: ‘हा पत्ता फक्त पत्रे पाठवण्यासाठी आहे. इथे आलेली उत्तरे वाचली जात नाहीत.’

नात हळहळली. मला हसू आलं. नुसतं बोलायचं, ऐकायचं म्हणून नाही. ही तर पंचेचाळीसची अध्यक्षीणबाईच की, म्हटलं. आता मोबाईलमध्ये राहायला गेली.

त्याच पत्रात विचारलं होतं, कार्यक्रम कसा वाटला, एक ते पाच तारे द्या. गायिकेला पाच दिले. ढोलकीला एक.

“आजी, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?”

“बसला ते चुकलं.” मग खर्वसाची पुसलेली ताटली आठवली. “बरं, तीन दे.”

पुढच्या गुरुवारी गायिका साताऱ्याला होती. ढोलकी साथ, मिशीवाला. त्याच्या पुढच्या गुरुवारी नगर. मिशीवाला. त्यानंतरही तोच. लेक त्या गायिकेच्या पार्टीत राहिलेली नाही. का, ते मला कळायला वाट नाही. गायिकेनं सांगितल्यावर घाबरली असेल. म्हातारी उठून आली म्हणजे काहीतरी झालंय असं वाटलं असेल. किंवा फोनवरचा तो श्वास तिनं ओळखला असेल, आणि त्यातही शब्द आला नाही हे कळलं असेल. हे शेवटचं मनात आलं की मी गोठ्यात जाऊन उभी राहते.

धागा होता मुंगीएवढ्या अक्षरांचा. धरून ओढायला गेले आणि तुटला.

परवा नातीनं मोबाईल घेतला आणि यादीतल्या सगळ्या नावांपुढं खुणा केल्या. लावणीवाल्या, शाहीर, भारुडं करणारे, नाटकवाले, झाडून सगळे. “ढोलकी कुठंतरी लागंलच की,” म्हणाली. गाव विचारलं तिथंही कोल्हापूर काढलं आणि ‘संपूर्ण महाराष्ट्र’ केलं. आता पत्र इतकं लांब येतं की बोट सरकवून सरकवून मनगट दुखतं. वर तेच, ‘नमस्कार, लावणीवेड्या आजी! तुमची आवड फारच मोठी आहे.’

धारा झाल्या की मी रिकामी किटली पालथी घालून तिच्यावर बसते आणि वाचते. फोटो सोडते, गाणाऱ्यांची नावं सोडते. प्रत्येक कार्यक्रमाची शेवटची ओळ तेवढी वाचते, आणि भलतं नाव निघालं तरी ‘सुटली’ म्हणून पुढं जाते. जीभ आता सरावली आहे.