वेल्डाची सातवी खेप

वेल्डा स्टोकीने इली गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. अर्ध्या गावाला तिने शाळेत पोचवलं, आणि पुढे त्यांच्या पोरांनाही. बर्फ, धुकं, मध्येच आडवी येणारी हरणं, मागच्या बाकावरची मारामारी, कशानेही तिचा हात स्टिअरिंगवर डगमगला नाही. निवृत्त झाली त्या दिवशी तिने नवऱ्याला बजावलं, "मेरिल, आजपासून गाडी तू चालवायचीस. मी शेजारी बसून बाहेर बघणार."

मेरिलने जेमतेम दोन वर्षं चालवली. तांब्याच्या खाणीत जन्म काढलेला धिप्पाड माणूस, पण पोटात गाठ निघाली आणि दोन महिन्यांत त्याच्या अंगावरचे शर्ट दुसऱ्या कोणाचे तरी वाटायला लागले. किल्ली पुन्हा वेल्डाकडे आली.

किमोची सोय होती लास वेगासला, अडीचशे मैल दक्षिणेला. दर तीन आठवड्यांनी मंगळवारी निघायचं, बुधवारी सकाळी सुई, गुरुवारी परत. पोस्टात कोणी तरी हटकून विचारायचं, "काय वेल्डा, पुन्हा वेगास? मजा आहे बुवा!" मग विचारणाऱ्याला आठवायचं आणि तो पाकिटावरचे शिक्के न्याहाळत बसायचा.

उतरायचे ते एका जुन्या कसिनोच्या हॉटेलात, कारण आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथली खोली स्वस्त पडे. पण लिफ्ट होती पार पलीकडच्या टोकाला. जुगाराच्या यंत्रांच्या रांगांमधून, त्या किणकिणाटातून आणि सिगारेटच्या धुरातून वेल्डा चाकांची खुर्ची ढकलत न्यायची. खुर्चीत मेरिल, गुडघ्यांवर घोंगडी, डोक्यावर लोकरीची टोपी. चमचमत्या कपड्यांतली पोरगी ट्रे घेऊन आडवी यायची. "काय आणू राजा, प्यायला?"

"सूप आहे का गं, गरम?" मेरिल विचारायचा. पोरगी हसायची. वेल्डाला पहिल्या खेपेला हसू आलं होतं, नंतर नाही.

दवाखान्यात ती ताठ पाठीच्या खुर्चीवर बसल्या बसल्या झोपायची. बॉइझीहून मुलगी, जनेल, फोन करायची. "आई, तू म्हणजे ना, कमाल आहेस." वेल्डा "हं" म्हणायची. कमाल म्हटलं की माणसाला पुढे काही बोलता येत नाही.

सातवी खेप फेब्रुवारीत आली. निघाल्यापासून बर्फ पडत होता. पुढे बर्फ काढणारी गाडी, तिच्या मागे तासाला तीस मैलांनी वेल्डाची गाडी. दोन्हीकडे पांढरं, वर पांढरं, घर नाही, झाड नाही. मेरिल डोळे मिटून बसला होता, पण झोपला नव्हता. एरवी दोन-अडीच तासांत होणारा वाटेतल्या अलामो गावापर्यंतचा रस्ता त्या दिवशी पाच तास चालला. खाली दरीत उतरल्यावर बर्फ संपला, ऊन पडलं, आणि उजव्या हाताला तळं दिसलं.

"थांबव," मेरिल म्हणाला.

वेल्डाने गाडी कडेला घेतली आणि सवयीने मागच्या सीटवरची बादली ओढली.

"बादली नको. काच खाली कर."

तळ्यावर पांढरे हंस उतरले होते, वीस-पंचवीस असतील. थंडीचे दिवस काढायला उत्तरेकडून आलेले. मेरिल बराच वेळ बघत राहिला. मग पुढे बघतच म्हणाला, "वेल्डा, उद्या मी सुई घेणार नाही."

"उद्याची पुढे ढकलायची म्हणतोस?"

"कुठलीच नाही. पुरे झालं."

वेल्डाने इंजिन बंद केलं. "हे तुला इथे सुचलं? पाच तास मी त्या गाडीच्या मागे डोळे फोडत आले, मेरिल. पाच तास! घरात सांगता येत नव्हतं? स्वयंपाकघरात? कॉफी पिताना?"

"घरात धीर झाला नाही. तू डबे भरत होतीस."

"मग?"

"डबे भरणाऱ्या बाईला कसं सांगायचं?"

ती गाडीतून उतरली, दार आपटलं, कुंपणापर्यंत चालत गेली. वारा बोचरा होता. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते दुसरंच काही. खांद्यावरचं पोतं कोणी तरी उतरवून घ्यावं तसं तिला हलकं वाटलं. पुन्हा हा रस्ता नाही, कसिनोतले ते गालिचे नाहीत, ती ताठ खुर्ची नाही. आणि हे वाटलं म्हणून तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कुंपणाची तार तिने मुठीत घट्ट धरली.

ती परत आली तेव्हा मेरिल म्हणाला, "तुलाही सुटल्यासारखं वाटलं ना?"

"गप्प बस."

"वाटलं तर वाटलं. मला तर केव्हाचं वाटतंय."

"जनेलला काय सांगू मी?"

"तू कशाला? मी सांगेन. ती तुला कमाल म्हणते, मला थोडीच म्हणते."

मग मात्र ती हसली, आणि हसता हसता रडली. मेरिलने टोपी काढून तिला डोळे पुसायला दिली.

पुढच्या पेट्रोल पंपावरून तिने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर स्वतः बोलले. मेरिलला दोनदा विचारून खात्री केली आणि म्हणाले, "तरी उद्या या. सुई नको तर नको, दुखण्यावरची औषधं ठरवू. घरी सगळं कसं करायचं तेही बोलू."

म्हणून ते वेगासला गेलेच. दुपार कलली होती, तरी दिवे लागलेले होते. त्या शहरात दिव्यांना संध्याकाळची वाट बघावी लागत नाही. हॉटेलच्या खानावळीत मेरिलने तळलेली कोळंबी मागवली. सहा महिने त्याला जेवणाचा वासही सोसत नव्हता. त्याने तीन खाल्ल्या, चौथी बशीत फिरवत बसला.

"यंत्रावर बसायचंय एकदा?" वेल्डाने विचारलं. "सात खेपा झाल्या, नुसता धूर खाल्ला आपण."

"नको. पाठ टेकायचीय."

सहा वाजता तो झोपला. वेल्डा बूट काढायला म्हणून पलंगावर बसली आणि एक बूट पायात असतानाच आडवी झाली. कोणत्याही आवाजाला न उठता ती सकाळपर्यंत झोपली. शाळेच्या बसमुळे एकतीस वर्षं पहाटे चारला उठलेल्या बाईला जाग आली तेव्हा खोलीत ऊन होतं आणि मेरिल तिच्याकडे बघत पडला होता. "घोरतेस की गं," तो म्हणाला.

मेरिल त्यानंतर साडेतीन महिने जगला, घरात, खिडकीपाशी लावलेल्या पलंगावर. जनेल आली, बापाशी भांडली, मग राहिली आणि सूप करायला शिकली. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी, वेल्डा त्याची दाढी करून देत असताना, तो गेला.

पुढच्या हिवाळ्यात पलीकडच्या गल्लीतली ओफेलिया बारेला दारात आली. तिच्या बहिणीला तेच दुखणं, तोच दवाखाना. "वेल्डा, तुझ्याइतका तो रस्ता कोणाला माहीत नाही. पहिल्या दोन खेपा तरी नेशील?"

वेल्डा दाराला धरून उभी राहिली. आयुष्यभर तिने अशा प्रश्नाला 'हो' म्हटलं होतं.

"नाही गं जमणार," ती म्हणाली. "मी थकलेय."

हा शब्द तिने दुसऱ्या माणसापुढे पहिल्यांदाच उच्चारला होता. ओफेलिया रुसेल असं तिला वाटलं. पण ती वेल्डाच्या दंडाला हात लावून म्हणाली, "बघते दुसरं कोणी. तू आत जा, गारठा आहे."

वेल्डा आत गेली आणि भरदुपारी पांघरूण घेऊन झोपली.