रीमचे पाय कोण करणार?

दादाचा फोन आला तेव्हा मी अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगखाली एका माणसाशी भांडत होतो. माझ्या गाडीमागे आपली गाडी आडवी लावून तो 'हबीबी, टू मिनिट्स' म्हणत शोरमाच्या दुकानात जाऊन बसला होता. त्या गोंधळात दादा म्हणाला, "नंदू, शुभा गेली रे." आणि मी, अर्धं लक्ष हबीबीवर ठेवून, म्हणालो, "गेली असेल तबेल्यात. फोन गाडीतच ठेवते ती. तासाभरानं कर." मग दादा पुन्हा म्हणाला, "नंदू... गेली." एका क्रियापदावर आपण मराठी माणसं किती ओझं टाकतो! बाजारात गेली, माहेरी गेली, नोकरी गेली, वीज गेली... आणि हेही त्यातच. चुकीच्या वेळी चुकीचं बोलण्याचा माझा लौकिक जुना आहे. एका बारशाला मी आई-बापांचं सांत्वन केलेलं आहे. पण या उत्तराला तोड नाही. आणि खरं सांगू? मला अजूनही तेच उत्तर बरोबर वाटतं. शनिवारी सकाळी वहिनी दुसरीकडे कुठे असणार होती?

असायची ती तबेल्यातच, पण त्या दिवशी निघायच्या आधी अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या सुपरमार्केटात भाजी घ्यायला थांबली. वजनाच्या रांगेत, हातात मेथीची जुडी असताना, मेंदूतली एक शीर फुटली. डॉक्टर म्हणाले, शीर जन्मापासून कच्ची असावी. झोपेत फुटली असती, चहा गाळताना फुटली असती. हे दादानं ऐकलं, मी ऐकलं, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर रडणाऱ्या प्रत्येकाला मी ते समजावून सांगितलं. तरी तिसऱ्या दिवशी घरात निकाल लागलेला होता : घोड्यांनी नेली. "पन्नाशीत कुणी सांगितली होती ती लोहारकामं?" मेथीवर मात्र कुणी संशय घेतला नाही. तिच्या हातात हातोडा नव्हता हो, मेथी होती! पण शोकात बुडालेल्या नातेवाइकांना शरीरशास्त्र शिकवायचं नसतं म्हणे. मी चहा टाकायला उठलो. तो राग अजून गेलेला नाही.

मग आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर श्रद्धांजली आली. हसतमुख, सुगरण, अश्वप्रेमी शुभाताई. अश्वप्रेमी! दात काढणाऱ्या डॉक्टरला कुणी दंतप्रेमी म्हणतं का? माझी वहिनी नालबंद होती. घोड्यांचे खूर कापायची, तासायची, त्यांना नाला ठोकायची. त्यावर तिचं घर चालत नसलं तरी तिचा दिवस चालायचा. मी तिरीमिरीत टाइप केलं, 'शुभावहिनी नालबंद होती', आणि पाठवलं. दोन मिनिटांनी दादाचा फोन. "नंदू, तू शुद्धीत आहेस का?" माझ्या फोनला 'नालबंद' हा शब्द माहीत नव्हता. त्यानं स्वतःच्या अक्कलहुशारीनं तो 'नालायक' असा सुधारून घेतला होता. साऱ्या मंडळानं ते वाचलं, एकानं तर खाली हात जोडल्याचं चिन्हही टाकलं. वहिनी असती तर हसून हसून खाली बसली असती. मला हसू आलं नाही. एवढ्या माणसांत तो शब्द एकाच्याही तोंडात नव्हता, मग बिचाऱ्या फोनला काय बोलणार?

चार वर्षांपूर्वी कंपनीच्या एचआरमधली तिची नोकरी गेली. वर्षानुवर्षं ज्या गोड शब्दांत तिनं लोकांना घरी पाठवलं होतं, तेच गोड शब्द तिला ऐकवले गेले. तेव्हा तिची मुलगी, आमची मुक्ता, अल ऐनच्या रस्त्यावरच्या एका तबेल्यात घोडेस्वारी शिकत होती. कठड्यापाशी बसलेल्या बाकीच्या आया फोन बघायच्या. ही घोड्यांचे पाय बघायची. तिथे इक्बाल नावाचे पाकिस्तानी पंजाबातले उस्ताद नालबंदी शिकवायचे, रंगवलेल्या मिशा आणि लाउडस्पीकरसारखा आवाज. वहिनीनं विचारलं, मी शिकू का? उस्ताद हसले. ती दुसऱ्या आठवड्यात बूट घालूनच आली. दादानं मला बाजूला घेतलं. "नंदू, तूही नाव घाल. जरा लक्ष ठेव. दोन आठवड्यांत कंटाळेल." म्हणजे मी हेर. सुट्टीत मॉल फिरण्यापेक्षा हेरगिरी बरी म्हणून मी लगेच कबूल झालो.

हेर पहिल्याच सकाळी उघडा पडला. खूर हातात घेताना घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं असतं. मी त्याच्या तोंडाकडे तोंड करून, वाढदिवसाचा फोटो काढतात तसा उभा राहिलो. "साहब, पैर देखना है या शकल?" उस्ताद ओरडले. फिरलो, पाय उचलला, गुडघ्यांत धरला, आणि घोड्यानं आपलं सगळं वजन निवांत माझ्यावर सोडून दिलं. मी वाकत वाकत जमिनीला लागलो. उस्ताद म्हणाले, "घोडा पकडा है आपने, या घोडे ने आपको?" चामड्याचा एप्रन मधून चिरलेला असतो, पाय फाकवता यावेत म्हणून. मी तो उलटा बांधून भर तबेल्यात पेंग्विनसारखा चालत होतो. वहिनीनं तो सोडवून नीट बांधला आणि हळूच म्हणाली, "भावजी, अहवाल काय पाठवणार ह्यांना?" तिला पहिल्यापासून माहीत होतं.

सुरुवातीला मेलेल्या घोड्यांच्या पायांवर शिकवतात, ते बरं. माझा पहिला खिळा मी उलटा धरून ठोकला. या खिळ्याचं टोक एका बाजूनं तिरकं असतं, म्हणजे खुराच्या कडेतून शिरून तो बाहेरच्या अंगाला निघावा. माझा आत वळला. "शुक्र है ये मर चुका है," उस्ताद म्हणाले, "वरना आज मरता." वहिनी खूर निरखत म्हणाली, "जिव्हाळीत घातलात भावजी." मी तो शब्द शाळेनंतर ऐकला नव्हता. आपल्या नखाखालचं जे जिवंत मांस, ती जिव्हाळी; खुरालाही ती असते. बाहेरची भिंत निर्जीव, जेमतेम पेन्सिलीएवढी जाड. सगळी नालबंदी तेवढ्या जाडीत करायची. 'जिव्हारी लागणं' म्हणजे काय ते मला त्या दिवशी हातात घेऊन बघायला मिळालं.

ती काही जन्मजात कुशल वगैरे नव्हती, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आता लोक तेही म्हणायला लागतील. तिनं ऐरणीवर वाकवलेली पहिली नाल कुरडईसारखी दिसत होती. उस्तादांनी ती भिंतीवर टांगून ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्यानं हसावं म्हणून. वहिनी हट्टी होती. जमलं नाही की तिला रडू यायचं नाही, चीड यायची. दादानं सरावाचे पाय घरात आणायला बंदी घातल्यावर तिनं एक पाय कागदात गुंडाळून आमच्या फ्रीझरमध्ये ठेवला. माझ्या बायकोनं नारळाचा कीस काढायला हात घातला आणि किंचाळली, "नंदू! हा पाय कुणाचा?" मी बाहेरून सहज म्हणालो, "वहिनीचा." त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मी काही महिन्यांत गळालो, हेरखातं बंद झालं. ती टिकली. आधी उस्तादांच्या हाताखाली, मग स्वतःचे घोडे, गाडीच्या डिकीत ऐरण. बऱ्याच बायका आपले घोडे तिच्याचकडे द्यायच्या.

दादाला हे कधी पचलं नाही. एकदा भरल्या पंगतीत तो म्हणाला, "आमच्या घराण्यात आजवर कुणी लोहारकाम केलं नव्हतं." वहिनी आमटी वाढता वाढता म्हणाली, "म्हणूनच घरात एकही बिजागरी धड नाही." सगळे हसले. दादाही हसला. पण ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. मी बघितलं, तिनं आमटी दादाच्या ताटाबाहेर वाढली. आणि हेच पंगतीतले लोक जाताना दारात घुटमळायचे. "वहिनी, एखादी काळ्या घोड्याची नाल मिळेल का हो? साडेसाती चालू आहे." काम हलकं, पण त्या कामातलं लोखंड पवित्र! तिच्याकडे काळा घोडा एकही नव्हता. करड्या, तांबड्या, पांढऱ्या घोड्यांच्या झिजलेल्या नाला मी "अस्सल काळा, स्वतः बघितलाय" म्हणून अजमानपासून अबू धाबीपर्यंत वाटल्या. कित्येकांचा शनी माझ्या थापेवर शांत झालाय. त्यातली एक नाल दादाच्या ऑफिसच्या दारावर आहे. बायको नालबंद आहे हे त्या ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. नाल मात्र सगळ्यांना दिसायची. चौदाव्या दिवशी जेवणं झाल्यावर बाल्कनीतली तिची नालांची बादली बघितली, तर ती रिकामी होती. आठवण म्हणून नेल्या, म्हणे.

त्या दिवसांत एकच माणूस नीट बोललं. रीम नावाच्या घोडीची मालकीण, म्हातारी अमिराती बाई, खजूर घेऊन आली. मुक्ताचा हात धरून बसली. उठताना आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "शुभा बहुत अच्छा नालबंद. अभी रीम का पैर कौन करेगा?" दार लागताच एक मावशी म्हणाल्या, "काय बाई तरी! कामाचं विचारायची ही वेळ आहे का?" मुक्ता कोपऱ्यातून म्हणाली, "अ‍ॅट लीस्ट शी नोज मॉम हॅड अ जॉब." मी कुणाच्या तरी चपला पायात अडकवून बाईंच्या मागे लिफ्टपर्यंत धावलो. बोलायचं खूप होतं. तोंडातून एवढंच निघालं, "हो जाएगा... इन्शाल्ला." त्यांनी मान डोलावली. म्हणजे जबाबदारी माझ्यावर आली.

रीम ही वहिनीनं नाला ठोकलेली शेवटची घोडी. खूर नखासारखे वाढतात. पाच-सहा आठवड्यांनी नाला काढून खूर कापावेच लागतात. ते दिवस भरत आले तेव्हा दादानं बोलावून घेतलं. मंडळ तिच्या नावानं स्मृतिसंध्या करणार होतं. तिनं ठोकलेल्या शेवटच्या चार नाला मखमलीवर, काचेच्या फ्रेममध्ये, खाली पितळी पट्टी : अश्वप्रेमी. दादानं होकार देऊन टाकला होता. "नंदू, तुझी ओळख आहे तिथे. घेऊन ये." माझा तोल गेला. ज्या कामाची तुला लाज वाटायची ते भिंतीवर लावायला बरं चालतं, म्हणालो, आणि बरंच काही बोललो. दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "मग मी तिचं काय ठेवू? कपाटात साड्या आहेत. त्या तिनं चार वर्षांत नेसल्यासुद्धा नाहीत." पण माझा राग काही कमी झाला नाही, त्याला नुसती जायला जागा उरली नाही.

गेल्या शनिवारी उन्हाच्या आधी मुक्ताला घेऊन तबेल्यात गेलो. उस्ताद इक्बालनी रीमचा पाय उचलला, वहिनीनं वळवून बसवलेल्या खिळ्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. मग पक्कड माझ्या हातात दिली. "साहब, आप खोलो." मी टोकं उलगडली, एकेक खिळा ओढला. एक निघेना. मी दातओठ खाऊन हिसडा मारला तशी रीमनं पाय झटकला. "ओये! गुस्सा घर छोड के आओ," उस्ताद ओरडले. "इसने क्या बिगाडा है?"

चारही नाला निघाल्या. मी त्या पिशवीत भरायला लागलो तर उस्तादांनी एक हिसकावून घेतली, पुसली, उजेडात धरली. "कहाँ ले जा रहे हो? रेत पे कुछ घिसा नहीं. खूर काट के यही वापस लगेगी." मी बघतच राहिलो. वाळूवर नाल फार झिजत नाही, चांगली असेल तर तीच पुन्हा ठोकतात, हे म्हणे आम्हाला शिकवलं होतं. त्या दिवशी मी बहुधा इथला तो कडक दुधाळ करक चहा प्यायला गेलो असणार. मी मुक्ताकडे बघितलं. फ्रेमचं तिला माहीत होतं. ती म्हणाली, "काका, डू इट. बाबाला मी हँडल करते."

उस्तादांनी खूर कापले, कानस मारली, ऐरणीवर नालांना जराजरा वळण दिलं. मुक्ता खिळे देत होती. मी विचारलं, एक तरी मी ठोकू का? उस्ताद म्हणाले, "आप सिर्फ पकडो." पकडलं. चारही नाला जिथल्या तिथे गेल्या.

मग रीमला सिमेंटच्या पट्टीवर चालवलं. नाल नीट बसली की नाही ते आवाजावरून कळतं. वहिनी अशा वेळी मान एका बाजूला टाकून, डोळे मिटून ऐकायची. मुक्ता तशीच उभी होती. उस्तादही. मीही मान तिरकी केली; मला त्यातलं काही कळत नाही, पण केली. तेवढ्यात दादाचा फोन.

"मिळाल्या का रे?"

"काढल्या. परत ठोकल्या."

"परत म्हणजे? कुणाला?"

"रीमला. चारही."

मला आता भांडण हवं होतं, मी तयार होतो. पण तो म्हणाला, "हा... हा आवाज कसला येतोय?"

मी फोन हात लांब करून रीमच्या पायांकडे धरला. ती पट्टीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. हात भरून आला तरी मी फोन कानाशी नेला नाही. ऐकू दे म्हटलं त्याला.