काळ्या दाण्यांची पिशवी

सुशीला गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंगा फोडत होते. ऐकलं आणि दुसरं सूप पुढं ओढलं. धाकट्या बहिणीसाठी हात थांबले असं लिहिणार नाही. ते थांबले नाहीत.

मी चौथी शिकले, ती शहरातल्या प्रयोगशाळेपर्यंत गेली. बुरशीच्या शेंगदाण्यात विष असतं, डोळ्याला दिसत नाही, पण वर्षानुवर्षं यकृत खातं. ते ओळखणारी साबणाच्या डबीएवढी डबी ती करत होती. दाणे कुटायचे, औषधी पाण्यात ढवळून गाळायचे, एक थेंब पट्टीवर. पट्टीला असं काही लावलेलं की ते विषाला धरून ठेवतं आणि डबीवरचा आकडा चढतो.

डबी गावात चालली नाही तर काम बंद, असं तिला वरून सांगितलेलं. एका दिवाळीत माझ्याकडे हसनाबादला आली, तीन दिवस घरोघरचे दाणे तपासले. आकडा हलेना... चौथ्या दिवशी ओसरीत डबीचे स्क्रू खोलून बसली. मी म्हणाले, आमची चक्की बी बंद पडती, जेवून घे. आणि चटणीसाठी उखळात दाणे टाकले. तिनं वाकून पाहिलं. सुरकुतलेले, काळपट.

"अक्का, हे कुठले?"

"निवडून काढलेले. चटणीत कळत न्हाई."

"मंग मला हे का न्हाई दिले?"

"पाहुणीला असले देत असतेत का? गावानं बी तुला निवडूनच दिले असतील."

"अन् हे कोण खातं?"

"आम्ही बाया. अजून कोण?"

तिनं उखळातून मूठ भरली. कुटलं, गाळलं, थेंब टाकला. आकडा हलला, चढला, चढतच राहिला! पन्नाशीची बाई माझे हात धरून फुगडी घालायला लागली, मीही घातली. दम लागून थांबलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं, चढलेला आकडा माझ्या ताटातला होता. तिनं उखळ चुलीत रिकामं केलं. मग पुन्हा घरोघर गेली, या वेळी वाईटातले वाईट दाणे मागत. बायांनी नाकं मुरडली, पण दिले. काम चालू राहिलं.

तेव्हापासून दर दिवाळीला सगळे लेकीबहिणींना चांगलं बांधून देतात, मी तिला काळे दाणे द्यायची. उरलेले चुलीत. यंदाची पिशवी फोन यायच्या आधीच भरली होती. ती चुलीत टाकवत नाही. कुणी चुकून खाऊ नये म्हणून खुंटीवर उंच टांगलीय.